भाराचा न्याय

न्याय म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर देताना बहुतेक मनुष्ये नकळत एखाद्या खेळाचे चित्र डोळ्यांपुढे आणतात. डाव सर्वांस एकाच नियमाने खेळावयास मिळाला, पंचाने कोणाची भीड धरली नाही, आणि जो जिंकला तो आपल्या अंगच्या गुणाने जिंकला, एवढी खात्री पटली की आपण समाधानाने म्हणतो, 'न्याय झाला.' परीक्षा, नोकरी, निवडणूक, लिलाव या सर्वांस आपण हीच कसोटी लावतो. ही कसोटी खोटी नव्हे. परंतु ती पुरी आहे काय, हे पाहणे अवश्य आहे. डाव न्यायाने खेळला गेला, एवढ्यावरून तो ज्यांच्या श्रमावर मांडला गेला त्यांस न्याय मिळाला, असे सिद्ध होत नाही. या दोन न्यायांमधील अंतर जेथे अगदी उघड्यावर दिसते, असे एक स्थळ म्हणजे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान होय.

आपल्या मध्यमवर्गीय घरांतून या मैदानाचा विषय काढणे फारसे प्रशस्त मानले जात नाही. ते जुगाराचे ठिकाण, एवढे म्हणून मान फिरवावी, असा आपला शिरस्ता आहे. जुगार बरा की वाईट, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात कर्तव्य नाही. त्या मैदानावर न्यायाचा एक मोठा विलक्षण प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यापासून आपणांस काय शिकता येईल, आणि तो प्रयोग नेमका कोठे येऊन थांबला आहे, एवढेच पाहावयाचे आहे.

महाराष्ट्रात ही शर्यत मुख्यत्वे दोन ठिकाणी होते. पावसाळ्यात पुण्याच्या लष्कर भागातील मैदानावर, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मुंबईच्या महालक्ष्मी येथील मैदानावर. दोहोंची व्यवस्था रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब या संस्थेकडे आहे. महालक्ष्मीचे मैदान १८८३ सालचे. तेथील सर्वांत मानाची शर्यत, इंडियन डर्बी, १९४३ पासून चालू आहे. एकूण २११ एकरांच्या त्या जागेपैकी १२० एकर मुंबई महानगरपालिकेच्या उद्यानासाठी द्यावे व ९१ एकर शर्यतीकडे राहावे, असे २०२४ साली ठरले. त्या वेळी वृत्तपत्रांतून मैदानाच्या जमिनीविषयी पुष्कळ लिहिले गेले. मैदानावर राबणाऱ्या माणसांविषयी त्या मानाने फारच थोडे.

आता तो प्रयोग पाहू. सर्व घोडे सारख्या बळाचे नसतात. जो घोडा थोर आहे त्यास इतरांबरोबर मोकळा सोडला, तर तोच जिंकणार, आणि मग शर्यतीत राम उरणार नाही. यासाठी ज्या बहुसंख्य शर्यती 'हँडिकॅप' या नावाने होतात, त्यांत प्रत्येक घोड्याच्या मागील कामगिरीवरून त्याची योग्यता ठरवितात, आणि त्या योग्यतेच्या प्रमाणात त्याच्या पाठीवर भार देतात. जो अधिक समर्थ त्याने अधिक वाहावे, जो दुबळा त्याने कमी. हा हिशेब अर्ध्या अर्ध्या किलोपर्यंत बारकाईने होतो. धावण्यापूर्वी जॉकीस खोगिरासह काट्यावर तोलतात. ठरविलेल्या वजनास जेवढे कमी पडेल तेवढ्या शिशाच्या पट्ट्या खोगिराखालील कापडाच्या खिशांत भरतात. आणि शर्यत संपल्यावर पुढे आलेल्या जॉकींस पुन्हा काट्यावर उभे करून, वाटेत भार कमी झाला नाही ना, याची खातरजमा करून घेतात. शिकाऊ जॉकीस वजनाची सूट मिळते. कोवळ्या वयाच्या घोड्यास मोठ्यांबरोबर धावताना मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात ॲडमिरल राऊस नावाच्या एका गृहस्थाने वयोमानाप्रमाणे भार देण्याचे जे कोष्टक तयार केले, त्याच्याच सुधारलेल्या आवृत्त्या आजही जगभर वापरात आहेत.

या व्यवस्थेतील नैतिक तत्त्व वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. सर्वांस सारखी वागणूक म्हणजे न्याय, ही आपली सामान्य समजूत. शर्यतीच्या मैदानाने ती कधीच टाकून दिली. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात वाटपाचा न्याय प्रमाणावर बसविला. समानांस समान व असमानांस असमान, हे त्याचे सूत्र. तत्त्वज्ञ ज्या गोष्टीवर दोन हजार वर्षे वाद घालीत राहिले, ती गोष्ट या घोडेवाल्यांनी शिशाच्या पट्ट्यांनी करून दाखविली. बलवानाने आपल्या बळाच्या मानाने भार उचलावा, हा नियम आमच्या संसारात कोठे इतक्या काटेकोरपणे पाळला जातो, असे विचारले तर उत्तर देणे कठीण पडेल.

परंतु हा न्याय कोणासाठी? घोड्याला जिंकल्याहरल्याचे सोयरसुतक नाही. हा न्याय आहे पैज लावणाऱ्यासाठी. निकाल आधीच ठरलेला नाही, आपल्या पारखीला येथे वाव आहे, असा त्याचा विश्वास असला तरच तो खिशात हात घालील. मद्रास रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नव्हे, असा निर्णय दिला. त्या निर्णयाच्या मुळाशीही हीच पारख आहे. तेव्हा काटा, शिसे, निकालाच्या रेषेवर टिपलेले छायाचित्र, घोड्यांच्या रक्ताची व मूत्राची तपासणी, या सर्व खटाटोपाचे फळ ज्याच्या हातात पैसा आहे त्याचा विश्वास टिकविणे, हे होय. यात वावगे काहीच नाही. फक्त एवढे लक्षात ठेवावे की, जो न्याय कोणाच्या तरी विश्वासासाठी निर्माण होतो, तो त्या विश्वासाची सीमा आली की थांबतो.

ती सीमा तबेल्याच्या दाराशी येते. आत काय चालते ते पाहू. शर्यतीच्या घोड्याभोवती चार मनुष्ये असतात. मालक घोडा विकत घेतो. ट्रेनर त्यास तयार करतो. जॉकी त्यावर बसतो. आणि चौथा मोतद्दार, ज्यास रेसकोर्सवर सईस म्हणतात, तो त्यास सांभाळतो. शर्यतीचे बक्षीस जाहीर होते तेव्हा त्यातील मुख्य वाटा मालकाचा असतो, ठरावीक टक्के ट्रेनरचे व जॉकीचे. मोतद्दाराचा वाटा असलाच तर शेवटचा व लहान.

जॉकीचे नाव निदान फलकावर लागते. त्याच्या व्यवसायात भाराचा नियम कसा उलटा फिरतो, हे पाहण्याजोगे आहे. घोड्यावर थोडा भार यावा यासाठी माणसाने हलके राहिले पाहिजे. म्हणून शरीराने वाढलेला, हाडापेराचा तरुण सुमारे पन्नास किलोच्या आसपास राहण्यासाठी पोटास चिमटा घेतो, अंगातील पाणी घामावाटे काढतो, आणि अशा अर्धपोटी अवस्थेत ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्या जनावराच्या पाठीवर अधांतरी तोल सांभाळतो. स्पर्धकांच्या पाठोपाठ रुग्णवाहिका धावते असा दुसरा खेळ क्वचितच सापडेल. हलकेपणाचा हा हव्यास कोठपर्यंत जाऊ शकतो, याचे दारुण उदाहरण आखाती देशांतील उंटांच्या शर्यतींनी जगास दाखविले आहे. तेथे पाकिस्तान, बांगलादेश, सुदान अशा देशांतून आणलेली लहान लहान मुले उंटांवर बसविली जात. २००५ च्या सुमारास ती प्रथा कायद्याने बंद करून त्यांच्या जागी यंत्राचे बाहुले बसविण्यात आले. उंटाच्या पाठीवरील भाराचा विचार करणाऱ्यांस, तो भार म्हणजे एक मूल आहे, हे दिसावयास वर्षानुवर्षे लागली. आपल्या येथील जॉकी सज्ञान असतात व आपखुशीने या धंद्यात येतात, हे खरे. परंतु नियम एकाच्या पाठीकडे पाहून केला की दुसऱ्याच्या पोटाकडे पाहावयाचे राहून जाते, ही गोष्ट दोन्हीकडे एकच आहे.

मोतद्दाराचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो. लीद काढणे, पेंढा बदलणे, खरारा करणे, दाणापाणी, व्यायामासाठी घोडा बाहेर काढणे, परतल्यावर त्याचा घाम निवेपर्यंत त्यास फिरविणे, पाय चोळणे, संध्याकाळी पुन्हा तेच. घोडा आजारी पडला तर रात्र त्याच्यापाशी. पुण्याचा हंगाम संपला की घोड्यांबरोबर मुंबईस, मुंबईचा संपला की पुन्हा पुण्यास. बिऱ्हाड असे एका जागी नाहीच. घोडा बोलू शकत नाही; त्याच्या कानांवरून, डोळ्यांवरून, दाणा खाण्याच्या तऱ्हेवरून त्याचे दुखणे ओळखणारा पहिला मनुष्य हाच. पशुवैद्य येतो तो याने सांगितल्यावर. म्हणजे लाखो रुपयांच्या त्या जनावराचे मोल ज्या एका माणसाच्या लक्षावर अवलंबून आहे, त्याच्याकडे लक्ष देणे हे कोणाचे काम, हेच पुष्कळदा निश्चित नसते. सामान्यतः त्यास कामावर ठेवतो ट्रेनर. ट्रेनरला पैसे देतो मालक. ट्रेनरला परवाना देतो क्लब. तिघांपैकी प्रत्येकास दुसऱ्याकडे बोट दाखविता येते.

आम्हां वैदर्भीयांस शर्यत माहीत आहे ती शंकरपटाची. तेथे ज्याची बैलजोडी तोच बहुधा तिचा पालक. गोठा त्याचा, चारा त्याचा, आणि मानाची ढालही त्याच्याच घरी जाते. बैलांच्या छळाचा प्रश्न तेथे उभा राहिला, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली, पुढे राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, आणि २०२३ साली घटनापीठाने ती मान्य केली. हा सगळा वाद मनुष्य व पशू यांमधील होता. परंतु घोड्यांच्या शर्यतीत, मालकी एकाची, श्रम दुसऱ्याचे, धोका तिसऱ्याचा व पैज चौथ्याची, अशी वाटणी झालेली असल्यामुळे मनुष्य व मनुष्य यांमधील एक नवाच प्रश्न उभा राहतो. केवळ पशूची दया करून तो सुटत नाही.

हा प्रश्न न्यायालयापुढे आला त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. आजारपणात, अपघातात व बाळंतपणात कामगारास आधार मिळावा म्हणून १९४८ साली कर्मचारी राज्य विम्याचा कायदा झाला. तो प्रथम कारखान्यांस लागू होता. पुढे महाराष्ट्र सरकारने १९७८ च्या अधिसूचनेने तो दुकाने, उपाहारगृहे इत्यादिकांस लागू केला. आता रेस क्लब म्हणजे दुकान काय? क्लबांचे म्हणणे, आम्ही काही विकत नाही. हा वाद वरवर चढत सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे गेला, आणि बंगलोर टर्फ क्लबच्या प्रकरणात २०१४ साली निर्णय झाला की, या कायद्यापुरते रेस क्लब हे दुकानच होय. कारण पैसे घेऊन लोकांस सेवा पुरविण्याचे काम तेथे चालते. मग दुसरा प्रश्न आला. शर्यतीच्या दिवसापुरते, काही तासांपुरते बोलाविलेले हंगामी कामगार हे कर्मचारी की नव्हेत? रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या प्रकरणात २०१६ साली न्यायालयाने सांगितले की, तेही कर्मचारीच. अधिसूचना १९७८ ची. शेवटचा निर्णय २०१६ चा. मध्ये अडतीस वर्षे गेली. क्लबास न्यायालयात जाण्याचा पूर्ण अधिकार होता, आणि कायद्याच्या शब्दांचा अर्थ लावून घेण्यात अप्रामाणिकपणा नाही. तरीसुद्धा एक विरोध मनात सलतोच. कोणत्या घोड्याचे नाक पुढे होते, हे याच मैदानावर छायाचित्र पाहून काही मिनिटांत ठरते. तिकिटांच्या खिडकीमागे बसलेला मनुष्य आजारी पडला तर त्याच्या औषधाचा खर्च कोणी उचलावा, हे ठरावयास त्याच मैदानाला एका माणसाची सारी उमेदीची वर्षे जातील एवढा काळ लागला.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, मोतद्दारास कोणी बांधून आणलेले नाही. काम पसंत नसेल तर त्याने ते सोडावे. या युक्तिवादात स्वातंत्र्य हा शब्द आहे, परंतु त्याचा अर्थ नाही. ज्याचे पिढीजात कौशल्य घोड्याचे, ज्याचे बिऱ्हाड तबेल्याशेजारी, आणि ज्यास या राज्यात काम देणारी मैदाने दोनच, त्याची संमती ही संमती खरी. पण दुसरा मार्ग नसलेल्याची संमती. घोडा बलवान असला तरी त्याच्या बळास जुळेल असा भार देण्याची जबाबदारी शर्यत ठेवणारा स्वतःवर घेतो. 'घोड्याने तक्रार केली नाही' अशी सबब तो सांगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि त्यास उडवून लावणे बरे नव्हे. तो असा की, हा व्यवसाय आता पूर्वीसारखा भरभराटीचा राहिलेला नाही. २०२० च्या महामारीत शर्यती थांबल्या, पण घोड्यांना दाणा घालावाच लागला. पैजेच्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के कर बसला. २०२५ च्या सप्टेंबरपासून तो ४० टक्के झाला. अशा स्थितीत मोतद्दाराच्या हक्कांचा बोजा टाकला तर मालक घोडे ठेवणार नाहीत, आणि पहिली भाकर जाईल ती मोतद्दाराचीच. यातील सत्यांश मी मान्य करतो. गरिबाच्या नावाने केलेली सुधारणा गरिबाच्याच मुळावर आलेली आपण पाहिली आहे. परंतु हा युक्तिवाद नीट तपासला तर त्याचा अर्थ एवढाच निघतो की, व्यवसायावर संकट आले म्हणजे त्याचा भार सर्वांत दुबळ्याने उचलावा. म्हणजे मैदानावर जो नियम, त्याच्या बरोबर उलट. मालकाची हौस कमी झाली, ट्रेनरचे घोडे कमी झाले, सरकारचा कर वाढला, या सर्वांचे शिसे शेवटी जाऊन पडावयाचे ते ज्याची पाठ सर्वांत लवचिक त्याच्या पाठीवर. एखाद्या हँडिकॅपरने शर्यतीत असे वाटप केले असते, तर त्यास त्याच दिवशी कामावरून काढून टाकले असते.

तिसरा आक्षेप आमच्याच वाचकांकडून येईल. 'आम्ही नागपूरकर. महालक्ष्मी कोठे आणि आम्ही कोठे? आम्ही पैज लावीत नाही. आमचा यात संबंध काय?' या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मुंबईस जाण्याचे कारण नाही. आपल्या गावाच्या पूर्व अंगास, कळमना येथे, बाजार समितीचे जे विस्तीर्ण आवार आहे, तेथपर्यंत गेले म्हणजे पुरे. संत्री, मिरची, धान्य, सोयाबीन, भाजीपाला यांची तेथे रोज उलाढाल होते. आपल्या घरी आंबिया बहाराचे संत्रे येते ते बहुधा तेथूनच फिरून येते.

या बाजारातही न्यायाची मोठी व्यवस्था आहे, आणि तीही काट्याभोवतीच उभी आहे. शेतकऱ्यास पूर्वी व्यापाऱ्याच्या दारात नाडले जाई. माप खोटे, भाव हातरुमालाखाली बोटांनी ठरविलेला, वजनातून मनास येईल तेवढी कट्टी. त्यापासून त्याचे रक्षण व्हावे म्हणून बाजार समित्या झाल्या. महाराष्ट्राचा त्यासंबंधीचा कायदा १९६३ चा. उघड लिलाव, परवानाधारक अडत्या, तपासलेला काटा, लेखी हिशेबपट्टी, या गोष्टी विकणारा व घेणारा यांच्यात न्याय व्हावा म्हणून आहेत, आणि जेथे त्या नीट पाळल्या जातात तेथे तो होतोही. परंतु काट्यावर जे पोते चढते ते आपल्या पायांनी चढत नाही. ट्रकातून काट्यावर, काट्यावरून थप्पीवर, थप्पीवरून पुन्हा ट्रकात, असा त्याचा प्रवास हमालाच्या पाठीवरून होतो. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो तेव्हाही होतो, आणि मिरचीच्या हंगामात, जेव्हा नुसते उभे राहिले तरी ठसका लागून डोळ्यांस पाणी येते, तेव्हाही होतो.

येथे एक साधा हिशेब करावासा वाटतो. शर्यतीच्या घोड्याचे वजन साधारण साडेचारशे ते पाचशे किलो असते, आणि त्यावर तज्ज्ञांनी विचारपूर्वक ठरविलेला भार पन्नास ते साठ किलोंच्या घरात. म्हणजे स्वतःच्या वजनाचा आठवा ते दहावा हिस्सा. धान्याचे पोते आज पुष्कळ ठिकाणी पन्नास किलोंचे असते. पूर्वी ते शंभर किलोंचे असे. ते उचलणाऱ्या माणसाचे स्वतःचे वजन पंचावन्न-साठ किलोंहून फारसे अधिक असेलच असे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली, प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्यास पंचावन्न किलोंची मर्यादा असावी, अशी शिफारस केली. घोडा चतुष्पाद आहे, मनुष्य द्विपाद. घोड्याने धावावयाचे असते, हमालाने चालावयाचे. ही तुलना अक्षरशः घेऊ नये, हे कबूल. तथापि एका जनावराच्या पाठीवर अर्धा किलो अधिक झाला तर चौकशी होते, आणि एका माणसाच्या पाठीवर स्वतःच्या वजनाएवढे ओझे शतकानुशतके राहिले तरी ते हवापाण्यासारखे स्वाभाविक वाटते, ही गोष्ट हिशेबाच्या पलीकडची आहे.

हमालाचा मालक कोण, हा प्रश्न मोतद्दाराच्या मालकाच्या प्रश्नासारखाच. शेतकरी म्हणतो, मी माल आणला. अडत्या म्हणतो, मी मध्यस्थ. व्यापारी म्हणतो, मी मोल दिले. या प्रश्नास महाराष्ट्राने दिलेले उत्तर मात्र अभिमान वाटावा असे आहे. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभारली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींस संघटित केले, आणि त्या चळवळींच्या रेट्याने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याची युक्ती सोपी व खोल आहे. मालक कोण, याचा वाद घालीत बसू नका. जो काम करवून घेतो त्याने मंडळाकडे नोंद करावी, मजुरी मंडळाकडे भरावी, तिच्यावर ठरावीक टक्के अधिक भरावेत, आणि त्या अधिक पैशातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी यांची व्यवस्था मंडळाने करावी. ज्यास श्रमाचा लाभ, त्यावर श्रमाच्या संरक्षणाचा भार. हा कायदा सर्वत्र पाळला जातो असे कोणी म्हणणार नाही, आणि त्याच्या आडून गैरप्रकार होतात, अशी ओरडही ऐकू येते. पण त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व हँडिकॅपरचेच आहे. फक्त ते मैदानाबाहेर आणून माणसांस लावले आहे.

विदर्भाच्या भूमीशी जडलेली नलाची कथा या प्रसंगी आठवते. द्यूतात राज्य हरलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाच्या पागेत चाकरीस राहिला. राजाने त्याचे गुण पाहून त्यास अश्वाध्यक्ष केले, दहा सहस्रांचे वेतन ठरवून दिले, आणि हाताखाली दोन माणसे नेमली. पुढे विदर्भातील कुंडिनपुरास एका दिवसात पोहोचावयाचे होते, तेव्हा बाहुकाने रथ हाकला. वाटेत राजाने त्यास अक्षविद्या दिली आणि अश्वविद्या आपणांस द्यावी असे ठरविले. फाशांचे ज्ञान व घोड्यांचे ज्ञान यांची बरोबरीने अदलाबदल झाली. कथा सांगणारे नल पुन्हा राजा झाला यावर भर देतात. मला अधिक मोलाची वाटते ती ती अदलाबदल. घोड्यांवर पैज लावणाऱ्याची विद्या आणि घोडा सांभाळणाऱ्याची विद्या, या दोन्ही एकाच तागडीत तोलण्याजोग्या आहेत, असे त्या राजाने मानले. आणि हे त्याने बाहुकास राजा म्हणून ओळखण्यापूर्वी, तो निव्वळ एक कुरूप सारथी असताना मानले. आमच्या काळी पहिल्या विद्येभोवती एक मोठा व्यवसाय उभा आहे. दुसरी पहाटे उठून लीद काढते.

मग करावे काय? शर्यती बंद कराव्या असे म्हणणे सोपे आहे, परंतु त्याने मोतद्दाराचे काय होईल, हे वर सांगितलेच. मला सुचते ते इतकेच की, मैदानाने आपलाच नियम थोडा लांबवावा. ठरविलेल्या भारापेक्षा हलका धावलेला घोडा बाद होतो. पशुवैद्याने अयोग्य ठरविलेला घोडा धावू शकत नाही. स्टुअर्डांस ट्रेनरचा परवाना काढून घेण्याचाही अधिकार असतो. त्याच अधिकाराने आणखी एक अट घालता येईल. ज्या घोड्याच्या मोतद्दाराचे वेतन चुकते झालेले नाही, ज्याचा विमा उतरविलेला नाही, ज्यास राहावयास धड खोली व आठवड्यास एक सुटी नाही, त्या घोड्याचे नाव शर्यतीच्या यादीत लागू नये. पैज लावणाऱ्यास यादीत घोड्याचे वय, त्याचा बाप, त्याची आई, त्याचा भार हे सर्व वाचावयास मिळते. त्याच ओळीत, या घोड्यास ज्याने वाढविले त्याचे देणे फिटले आहे, एवढे एक वाक्य छापणे काही कठीण नाही. त्याचा खर्च बक्षिसाच्या रकमेतून वरच्यांकडून अधिक व खालच्यांकडून कमी, असा काढता येईल. तो कसा काढावा, हे हँडिकॅपरास कोणी शिकवावयास नको.

आणि आपण, जे कधी त्या मैदानाची पायरी चढत नाही, त्यांनीही हा नियम आपल्या बाजारास लावून पाहावा. डाव न्यायाने खेळला गेला काय, एवढेच विचारून थांबू नये; काट्याचे आकडे खरे होते काय, याबरोबर ते पोते काट्यापर्यंत कोणी नेले आणि त्यास काय मिळाले, हेही विचारावे. कळमन्यास संत्र्यांचा भाव करताना आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि त्यात आपली काही चूक नाही; परंतु त्या भावात हमालीचे किती आणि ती वेळेवर पोहोचते काय, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांच्या तोंडून आजवर बाहेर पडला आहे? बाजार समितीच्या निवडणुकीत, वर्तमानपत्राच्या पानांत, घरी मुलांस हिशेब शिकविताना, हा प्रश्न विचारावयास कोणाचीही मनाई नाही.